गळणे आणि गाळणे : रेतीगोट्यांच्या भूमीतील इंधनगळती व तिच्या निवारणाचा इतिहास

१

मराठीतील ‘गळणे’ व ‘गाळणे’ ही क्रियापदे एकाच धातूपासून आलेली आहेत. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे या जोड्यांप्रमाणे त्यांतील पहिले अकर्मक आणि दुसरे सकर्मक आहे. संस्कृतातील ‘गल्’ धातूची ‘गलति’ व ‘गालयति’ ही रूपे त्यांच्या मुळाशी आहेत. अर्थाच्या दृष्टीने मात्र ही भावंडे परस्परांपासून फार दूर गेली. हंडा गळतो तेव्हा तो हंड्याचा दोष ठरतो. पाणी गाळले जाते तेव्हा तो पाण्यावरील संस्कार ठरतो. एकच क्रिया, सच्छिद्र वस्तूतून द्रवाचे खाली उतरणे, एका ठिकाणी हानी होते व दुसऱ्या ठिकाणी शुद्धी होते.

रेती आणि गोटे यांच्या खाणीत एखादी डिझेलची टाकी फुटते, तेव्हा जो प्रश्न उभा राहतो तो नेमका या दोन क्रियापदांमधील अंतराचा असतो. इंधन गळले हे तर दिसतेच. पण ज्या भूमीत ते गळले ती भूमी त्याला गाळते काय? गाळत असेल तर कशाच्या साहाय्याने, किती काळात, आणि कोणती किंमत घेऊन? गेल्या दीड-दोन शतकांत या प्रश्नाची जी उत्तरे दिली गेली, ती एकामागून एक तपासली असता ‘स्वच्छ’ या साध्या शब्दाचा अर्थच त्या ओघात कसा बदलत गेला हे ध्यानात येते.

आरंभीच शब्दांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात ‘खडी’ म्हणजे बहुधा काळा पाषाण फोडून केलेले तुकडे. उत्तर अमेरिकेत व उत्तर युरोपात ज्या खाणींतून बांधकामाचा माल निघतो, त्यांतील पुष्कळशा खाणी हिमनद्यांनी आणि त्यांच्या वितळलेल्या पाण्याने वाहून आणलेल्या वाळूच्या व गुळगुळीत गोट्यांच्या असतात. तेथे पाषाण फोडावा लागत नाही, नुसता उपसावा लागतो. या थरांना येथे ‘रेतीगोटे’ असे म्हटले आहे. प्रस्तुत विषयाचा सारा पेच त्यांच्या सच्छिद्रतेत आहे.

२

रेती पाण्याला शुद्ध करते हा विश्वास फार जुना आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात त्याला शास्त्राचे व राज्यकारभाराचे पाठबळ मिळाले. लंडनमध्ये जेम्स सिम्प्सन या अभियंत्याने १८२९ साली चेल्सी येथील पाणीपुरवठ्यासाठी संथ रेतीगाळणी बांधली. पुढे १८५६ मध्ये आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यात रेतीच्या स्तंभातून पाणी कोणत्या वेगाने वाहते याचा नियम मांडला. भूजलशास्त्राचा पाया असलेला हा नियम गाळणीसाठी केलेल्या प्रयोगांतून जन्मला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. भूमीतील पाण्याची गती मोजण्याची विद्या आणि पाणी गाळण्याची विद्या या मुळात सख्ख्या बहिणी होत.

१८९२ साली हँबुर्गमध्ये पटकीची साथ आली आणि सुमारे ८,६०० माणसे दगावली. शेजारचे आल्टोना हे शहर त्याच एल्ब नदीचे पाणी हँबुर्गच्या खालच्या बाजूस उचलत होते. म्हणजे त्याचे पाणी अधिक दूषित असावयास हवे होते. परंतु आल्टोना आपले पाणी रेतीतून गाळत होते, हँबुर्ग गाळत नव्हते. आल्टोना बव्हंशी वाचले. रोबर्ट कॉख यांनी या घटनेचे जे विवेचन केले त्यामुळे रेतीगाळणीविषयीचा विश्वास युरोपभर दृढ झाला.

या विश्वासातील एक सूक्ष्म गोष्ट मात्र लोकमानसात उतरली नाही. संथ रेतीगाळणी केवळ चाळणीसारखे काम करीत नाही. तिच्या पृष्ठभागावर काही दिवसांत सूक्ष्मजीवांचा एक चिकट थर तयार होतो आणि रोगजंतूंना अडवण्याचे व खाऊन टाकण्याचे काम मुख्यतः तो थर करतो. नवी, धुतलेली रेती पुरेशी गाळीत नाही. ‘जिवंत’ झालेली रेती गाळते. लोकांनी श्रेय रेतीला दिले, तिच्यातील जिवांना दिले नाही. पुढील शंभर वर्षांतील गोंधळाचे बीज या चुकीच्या श्रेयात आहे असे म्हणावयास हरकत नाही.

३

खनिज तेलाचे युग आले तेव्हा भूमीकडे पाहण्याची दृष्टी हीच होती. जमिनीवर सांडलेले तेल ‘मुरून’ जाते, आणि मुरले म्हणजे संपले. मराठी वाक्प्रचार या बाबतीत अधिक सावध आहे. ‘कोठे तरी पाणी मुरते आहे’ असे म्हणणाऱ्याला, जे मुरले ते नाहीसे झाले असे मुळीच म्हणावयाचे नसते. ते दृष्टीआड कोठे तरी साठते आहे, असाच त्याचा संशय असतो. इंधनाच्या बाबतीत हा संशय अक्षरशः खरा ठरला.

रेतीगोट्यांच्या थरात इंधन गळले म्हणजे ते गुरुत्वाकर्षणाने सरळ खाली उतरते. मोठ्या छिद्रांमुळे त्याला अडथळा थोडा असतो. वाटेत प्रत्येक छिद्रात त्याचा काही अंश केशाकर्षणामुळे अडकून राहतो, आणि हा अंश नंतर कितीही पाणी वाहवले तरी सहज सुटत नाही. उरलेले इंधन भूजलपातळीपर्यंत पोहोचते. पेट्रोल, डिझेल किंवा खनिज तेल पाण्याहून हलके असल्यामुळे ते पाण्यावर थबकते व पसरते. पावसाळ्यात किंवा बर्फ वितळल्यावर पाणी वर चढते, तेव्हा ते तेलालाही वर उचलते. पाणी उतरते तेव्हा तेल खाली येते. या चढउतारात तेल दोन पातळ्यांमधील साऱ्या थराला माखून टाकते. शिवाय बेंझिन, टोल्युइन यांसारखे त्यातील काही घटक पाण्यात विरघळतात आणि भूजलाच्या प्रवाहाबरोबर एका लांबट पट्ट्याच्या रूपाने पुढे सरकतात. बेंझिन कर्करोगकारक आहे. पिण्याच्या पाण्यातील त्याची अमेरिकेतील मर्यादा १९८७ मध्ये एका लिटरमागे अवघे ५ मायक्रोग्रॅम अशी ठरविण्यात आली. पाण्याचा पुष्कळ मोठा साठा अपेय करण्यास इंधनाचा किती अल्प अंश पुरतो, हे त्या आकड्यावरून स्पष्ट होते.

खाणीच्या जागी हा धोका दुप्पट होतो. रेती उपसताना वरची माती व तिचे झाडोऱ्याचे आच्छादन प्रथम काढले जाते. म्हणजे जो थर जिवंत असतो व गळतीला अडवू शकतो, तोच नाहीसा होतो. उत्खनन खोल गेले की भूजल उघडे पडून तळे बनते. त्या तळ्याच्या काठावर उत्खनकयंत्रे, भारवाहू मोटारी, दगड चाळण्याची यंत्रे आणि त्यांना लागणाऱ्या डिझेलच्या टाक्या उभ्या असतात. येथे टाकी व भूजल यांमध्ये काही वेळा पुरुषभर उंचीची कोरडी रेतीही नसते. या अनुभवातूनच प्रतिबंधाचे नियम आले. अमेरिकेत १९७३ च्या नियमांनी, जमिनीवरील साठा १,३२० गॅलन, म्हणजे सुमारे ५,००० लिटर, यांहून अधिक असेल व गळलेले तेल जलप्रवाहात पोहोचण्याचा संभव असेल, तर गळतीप्रतिबंधाची योजना आवश्यक केली. इंग्लंडमध्ये २००१ च्या नियमांनी टाकीभोवती तिच्या धारणशक्तीच्या ११० टक्के तेल मावेल असे दुसरे कुंड बांधणे बंधनकारक केले. ज्या भूमीवर गाळणीचे काम सोपवले होते, तिच्यावर आता विश्वास ठेवावयाचा नाही, असाच या नियमांचा मथितार्थ होता.

४

गळती झाल्यावर काय करावयाचे, या प्रश्नाला पहिले उत्तर फावड्याचे होते. तेलाने माखलेली रेती खणून काढावी, दूर नेऊन टाकावी, खड्ड्यात नवी भरावी. थोड्या डिझेलची गळती असेल, ती लगेच ध्यानात आली असेल व भूजल खोल असेल, तर हा उपाय आजही सर्वांत खात्रीचा आहे. डिझेल पेट्रोलपेक्षा जड, कमी उडणारे व पाण्यात कमी विरघळणारे असल्यामुळे ते गळतीच्या जागेजवळ अधिक काळ राहते व खणून सापडते. परंतु खणलेल्या रेतीचे पुढे काय, हा प्रश्न उरतोच. ती दुसऱ्या ठिकाणी नेऊन टाकणे म्हणजे दोष एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवणे होय. यास्तव माखलेली रेती पातळ थरात पसरून, उलथीपालथी करून तिला वारा देण्याची पद्धत रूढ झाली.

दुसरे उत्तर पंपाचे होते. भूजल उपसावे, त्यातील इंधन वेगळे करावे आणि शुद्ध पाणी परत सोडावे. अमेरिकेत १९८४ साली जमिनीखालील टाक्यांविषयी कायदा झाला, १९८८ मध्ये त्याखालील नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारण्यास किंवा बंद करण्यास डिसेंबर १९९८ पर्यंतची मुदत देण्यात आली. टाक्या उघडल्या जाऊ लागल्या तशा गळत्या समोर आल्या. तेव्हापासून त्या देशात नोंदल्या गेलेल्या अशा गळत्यांची संख्या पाच लाखांहून अधिक आहे. ठिकठिकाणी पंप सुरू झाले. तथापि जे इंधन छिद्राछिद्रांत अडकले होते ते पंपाला दाद देईना. ते थोडे थोडे विरघळत राही. पंप बंद केला की पाण्यातील बेंझिन पुन्हा वाढे. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने उपसा-शुद्धीच्या ७७ स्थळांचा आढावा घेतला. त्यांपैकी ६९ ठिकाणी ठरविलेले उद्दिष्ट गाठले गेले नव्हते. अभियंत्यांच्या एका पिढीच्या विश्वासाला या अहवालाने मोठा धक्का दिला.

५

तिसरे उत्तर यापूर्वीच दुसऱ्या एका विद्याशाखेत तयार होत होते. नेदरलँड्समधील सोन्गेन यांनी १९०६ च्या सुमारास मिथेन वायूवर जगणाऱ्या जीवाणूचे वर्णन केले होते. १९४६ मध्ये क्लॉड झोबेल यांनी हायड्रोकार्बनांवरील सूक्ष्मजीवांच्या क्रियेचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला आणि तेल खाऊ शकणारे जीव निसर्गात दुर्मीळ नसून सर्वत्र विखुरलेले आहेत हे दाखवून दिले. रेतीगाळणीवरील त्या चिकट थराला जे श्रेय पूर्वी मिळाले नव्हते, ते आता येथे मिळू लागले.

या ज्ञानाचा भूमीवर जाणीवपूर्वक उपयोग करण्याचा मान रिचर्ड रेमंड यांच्याकडे जातो. पेनसिल्व्हेनियातील अँब्लर येथे नळातून गळलेले पेट्रोल भूजलात उतरले होते. त्याचा जेवढा उपसा शक्य होता तेवढा झाल्यावर, सन ऑइल या कंपनीतील रेमंड व त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये तेथील विहिरींतून हवा व नत्र-स्फुरदयुक्त क्षार जमिनीत सोडले. बाहेरून जीवाणू आणले नाहीत. जे तेथे होते त्यांनाच पोषण दिले. या पद्धतीचे एकस्व त्यांना १९७४ मध्ये मिळाले.

याच काळात दुसऱ्या एका जीवाणूला जगभर प्रसिद्धी मिळाली. बंगालमध्ये जन्मलेले व अमेरिकेत संशोधन करणारे आनंदमोहन चक्रवर्ती यांनी तेलाचे अनेक घटक एकाच वेळी विघटित करू शकणारा जीवाणू प्रयोगशाळेत घडविला. जिवंत वस्तूचे एकस्व देता येईल काय, यावरचा त्यांचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८० मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी मान्य झाला. विधीच्या इतिहासात त्या जीवाणूला फार मोठे स्थान आहे. प्रत्यक्ष तेलगळतीच्या इतिहासात मात्र तसे नाही. तेथे उपयोगी पडले ते त्या त्या भूमीचे मूळ रहिवासी. उणीव खाणाऱ्यांची नव्हती. त्यांना लागणाऱ्या हवेची व क्षारांची होती.

हाच बोध यूटा राज्यातील हिल विमानतळावर निराळ्या रीतीने मिळाला. जानेवारी १९८८ मध्ये तेथे विमानाचे सुमारे एक लाख लिटर इंधन वाळू-गोट्यांच्या भूमीत सांडले. त्याची वाफ शोषून घेण्यासाठी जमिनीतून हवा ओढण्यास आरंभ झाला. पुढे असे आढळले की, ओढल्या जाणाऱ्या हवेमुळे जमिनीतील जीवाणू जोमाने वाढत आहेत व इंधनाचा मोठा भाग वाफ होऊन बाहेर न येता जागीच विघटित होत आहे. मग हवेचा वेग मुद्दाम कमी करण्यात आला. रेतीगोट्यांची जी सच्छिद्रता इंधनाला वाट देते, तीच हवेलाही वाट देते. दोषाच्या जागीच उपाय सापडला.

परंतु सच्छिद्रतेवर सरसकट भिस्त ठेवता येत नाही, हे अलास्काच्या किनाऱ्याने दाखवून दिले. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ हे जहाज खडकावर आदळले आणि सुमारे ४ कोटी लिटर खनिज तेल प्रिन्स विल्यम उपसागरात पसरले. गोट्यांचे किनारे उष्ण पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुण्यात आले. त्या धुण्याने किनाऱ्यावरील जीवसृष्टीचीही हानी झाली. काही किनाऱ्यांवर खते टाकून जीवाणूंना उत्तेजन देण्यात आले. पृष्ठभाग स्वच्छ दिसू लागला. तथापि २००१ मध्ये केलेल्या पाहणीत गोट्यांखाली अजून तेल सापडले. २०१० मध्ये मायकेल बूफाडेल व हायलाँग ली यांनी त्याची कारणमीमांसा केली. अशा किनाऱ्यांत वरचा थर अतिशय सच्छिद्र असतो, खालचा त्याच्या सुमारे हजारपट कमी. वरच्या थरातून खालच्या थरात उतरलेले तेल तेथेच कोंडले जाते, आणि तेथे प्राणवायू व क्षार पुरेसे पोहोचत नाहीत. वरून धुतलेले पाहणाऱ्याला स्वच्छ वाटते. दोन वितींखाली वीस वर्षे मागची स्थिती असते.

६

या साऱ्या प्रश्नांचा एकत्र अभ्यास जेथे झाला, ते स्थळ मिनेसोटा राज्यात बमिजी गावाच्या वायव्येस सुमारे १६ किलोमीटरांवर अरण्यात आहे. २० ऑगस्ट १९७९ रोजी तेथे खनिज तेल वाहणारा ८६ सेंटिमीटर व्यासाचा नळ सांध्यावर फुटला आणि सुमारे १७ लाख लिटर तेल बाहेर पडले. ते सुमारे ६,५०० चौरस मीटर जमिनीवर उडाले व खळग्यांत साचले. खालची भूमी हिमनदीच्या पाण्याने आणलेल्या वाळूची व गोट्यांची आहे. तेल पंपांनी उचलणे, चर खणणे, जाळणे व माखलेली माती काढून नेणे, असे त्या काळचे सर्व उपाय झाले. जवळजवळ तीन चतुर्थांश तेल निघाले. सुमारे ४ लाख लिटर भूमीत राहिले आणि भूजलापर्यंत उतरले.

लोकवस्तीपासून दूर असलेल्या या जागेचे महत्त्व अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने ओळखले, आणि १९८३ पासून तेथे दीर्घ अभ्यास सुरू झाला. जे राहिले आहे ते तसेच राहू द्यावे व काय घडते ते मोजावे, अशी त्यामागची भूमिका होती.

जे आढळले ते असे. तेलाजवळच्या पाण्यातील प्राणवायू जीवाणूंनी लवकरच संपवला. त्यानंतर विघटन थांबेल असे पूर्वीच्या समजुतीप्रमाणे वाटावयास हवे होते. पण ते थांबले नाही. १९८९ मध्ये डेरेक लव्हली व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, प्राणवायूच्या अभावी येथील जीवाणू रेतीच्या कणांवर असलेल्या लोहाच्या गंजाचा उपयोग ‘श्वासा’साठी करतात आणि टोल्युइनसारखी संयुगे त्या मार्गाने विघटित होतात. जेथे लोहही संपले, तेथे मिथेन निर्माण करणाऱ्या जीवसमूहांनी काम हाती घेतले. भूजलातील बेंझिनचा पट्टा प्रवाहाच्या वेगाने धावला नाही. मूळ साठ्यापासून थोड्या अंतरावर तो क्षीण होत राहिला. मानवी हात न लागता भूमी इंधनाला गाळीत होती. मात्र ज्या लोहावर हे काम चालले होते त्याचा साठा मर्यादित होता; तो जसजसा खर्च होत गेला, तसतसा पट्टाही हळूहळू पुढे सरकत गेला.

१९९९ ते २००४ या काळात राज्याच्या प्रदूषणनियंत्रण यंत्रणेच्या आग्रहाने तेलाचा उपसा पुन्हा करण्यात आला व एक लाख लिटरहून थोडे अधिक तेल निघाले. तरी पुष्कळ तेल राहिलेच. आणि उपसलेले पाणी जेथे परत मुरवले गेले तेथे प्राणवायुहीन पाण्याचा एक नवा पट्टा तयार झाला. उपाय करताना नवा दोष निर्माण होऊ शकतो, याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण होय.

७

बमिजीसारख्या ठिकाणच्या ज्ञानाला इंग्रजीत जे नाव मिळाले त्याचा विचार येथे अप्रस्तुत ठरणार नाही. ‘नॅचरल अटेन्युएशन’ या संज्ञेतील मूळ लॅटिन शब्द ‘तेनुइस’ म्हणजे पातळ, बारीक. संस्कृत ‘तनु’ हा त्याचा सगोत्र शब्द आहे. तेव्हा या संज्ञेला ‘निसर्गतः तनूकरण’ असा प्रतिशब्द सुचविल्यास तो केवळ अर्थाने नव्हे, तर कुळानेही जुळेल. तनूकरण हा शब्द योगशास्त्रात क्लेशांविषयी येतो, आणि तेथे ‘तनु’ झालेला क्लेश म्हणजे नष्ट झालेला क्लेश नव्हे. तो दुबळा झालेला, परंतु बीजरूपाने असलेला क्लेश होय. भूमीतील इंधनाविषयी जो वाद पुढे माजला तो नेमका या भेदावरचा होता.

१९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने त्या राज्यातील टाक्यांच्या गळत्यांचा आढावा प्रसिद्ध केला. इंधनाचे पट्टे सहसा २५० फुटांपलीकडे, म्हणजे सुमारे ७५ मीटरांपलीकडे, जात नाहीत व पुष्कळ ठिकाणी निसर्गाचे काम पुरेसे आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्यांना खर्च करावयाचा होता त्यांना हा निष्कर्ष प्रिय झाला. ज्यांच्या विहिरी जवळ होत्या त्यांना तो ‘काहीही न करण्याचे’ शास्त्रीय नाव वाटला. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, त्याच राज्यातील सँटा मोनिका शहराला आपल्या विहिरींची दोन क्षेत्रे बंद करावी लागली. १९७९ पासून पेट्रोलमध्ये मिसळला जाऊ लागलेला एमटीबीई नावाचा पदार्थ त्यांत उतरला होता. तो पाण्यात सहज विरघळतो, कणांना चिकटत नाही व जीवाणूंना सहजी पचत नाही. बेंझिनवरून काढलेला नियम त्याला लागू पडला नाही. ‘इंधन’ हा एक शब्द असला तरी ती एक वस्तू नव्हे; तो अनेक पदार्थांचा समुदाय आहे, आणि भूमी त्यांतील प्रत्येकाला सारखे वागवीत नाही.

१९९९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने या विषयावरील आपले धोरण जाहीर केले, तेव्हा संज्ञेच्या आधी एक विशेषण जोडलेले होते : निरीक्षित. निसर्गतः होणारे तनूकरण ग्राह्य, परंतु ते होते आहे हे मोजून सिद्ध केले पाहिजे, मूळ साठ्यावर नियंत्रण पाहिजे, ते वाजवी काळात उद्दिष्टापर्यंत पोहोचले पाहिजे, आणि ते न झाल्यास दुसरा उपाय सिद्ध ठेवला पाहिजे. एका विशेषणाने ‘सोडून देणे’ व ‘लक्ष ठेवणे’ यांतील सीमारेषा आखली गेली.

८

या सीमारेषेची आवश्यकता बमिजीनेच पुढे पुन्हा सिद्ध केली. तेथील संशोधकांना असे आढळून आले की, तेलाचे विघटन अर्धवट झाल्याने निर्माण होणारी काही संयुगे बेंझिनपेक्षा अधिक दूर जातात. शिवाय ज्या लोहाच्या गंजावर जीवाणू जगले, त्या गंजाला निसर्गतः आर्सेनिक, म्हणजे सोमलाचे मूलद्रव्य, चिकटलेले होते. गंज विरघळला तसे तेही पाण्यात सुटले. इझाबेल कोझारेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार तेथील भूजलात आर्सेनिकचे प्रमाण लिटरमागे २३० मायक्रोग्रॅमपर्यंत गेले होते. पिण्याच्या पाण्याची मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे. हे आर्सेनिक तेलातून आले नव्हते. ते त्या रेतीतच सहस्रावधी वर्षे निरुपद्रवी स्थितीत होते. भूमीने इंधन गाळले खरे. पण गाळता गाळता तिने स्वतःच्या पोटातील विष गळू दिले. प्रारंभी ज्या दोन क्रियापदांचा उल्लेख केला ती येथे पुन्हा एकत्र आली.

या इतिहासाचे फळ एवढेच की, ‘स्वच्छ झाले’ हे वाक्य कर्त्याविना व काळाविना उच्चारता येत नाही. कोणता पदार्थ, कोणत्या खोलीवर, कोणत्या मर्यादेखाली, किती वर्षांनी, आणि हे कोणी मोजले, हे सांगितल्यावाचून ते वाक्य अपुरे राहते. फावड्याच्या काळात स्वच्छ म्हणजे दृष्टीआड झालेले. पंपाच्या काळात स्वच्छ म्हणजे पाण्याच्या नमुन्यात न सापडणारे. आज त्याचा अर्थ, ज्याच्या भवितव्याचा हिशेब मांडता येतो असे, एवढाच करता येतो. हा अर्थ पहिल्या दोहोंइतका समाधानकारक नाही. परंतु तो अधिक प्रामाणिक आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात या निष्कर्षांचा उपयोग करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. येथील बहुतेक भूमी काळ्या पाषाणाची आहे. त्यात पाणी रेतीप्रमाणे सर्व अंगांनी न वाहता भेगांतून, सांध्यांतून व मुरमाच्या कुजलेल्या थरांतून वाहते. तेथे दार्सीचा नियम सरळ लावता येत नाही. गळलेले इंधन कोणत्या भेगेने कोणत्या विहिरीत निघेल, हे नकाशावर अंतर मोजून सांगता येत नाही. बमिजीचे आकडे येथे उसने घेता येणार नाहीत; तेथील रीत तेवढी घेता येईल. ती रीत म्हणजे गळतीची जागा, तारीख व प्रमाण त्याच दिवशी नोंदविणे, प्रवाहाच्या दिशेने निरीक्षणविहिरी घेणे, आणि वर्षानुवर्षे त्यांतील पाणी तपासत राहणे.

खाणीतील टाकीशेजारी काळ्या झालेल्या रेतीचे दोन-तीन डंपर भरून नेले आणि नवी रेती टाकून जागा सपाट केली, म्हणजे काम झाल्यासारखे दिसते. पाणी मुरते आहे की नाही हे पाहणारा कोणी तरी त्यानंतर तेथे राहिला पाहिजे. खालच्या गावातील विहिरीचे पाणी पिणाऱ्याला त्या जागेविषयी विचारता येण्याजोगा प्रश्न एकच असतो, आणि त्याचे उत्तर नुसते रेतीकडे पाहून देता येत नाही.